यादीत नाव आहे, पंगतीत माणूस नाही : लाइव्ह शोच्या फाइली कशा सांभाळायच्या

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.)

हेडफोन लावून लोकलमध्ये बसला असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज विषयच आवाजाचा आहे. खरं तर आवाज न येण्याचा.

मी मूळचा कामशेतचा. बीटेक केलं, आता हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. दिवसभर कोड लिहितो. पण गणपतीत, शिवजयंतीला आणि गॅदरिंगच्या सीझनला माझी दुसरी नोकरी असते, बिनपगारी. स्टेजच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, मांडीवर लॅपटॉप, आणि वेळ आली की स्पेसबार दाबायचा. तुतारी, घोड्यांच्या टापा, निवेदन, संवाद, सगळं त्या एका बटणावर. लोकांना वाटतं, इंजिनियर आहे, याला काय कठीण? मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लोणावळ्यात माझ्या मामाच्या गल्लीतलं मंडळ. जिवंत देखावा होता, सरसेनापती उमाबाई दाभाडे यांच्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळेगाव दाभाडे या नावातले दाभाडे ते हेच. उमाबाईंचे पती खंडेराव दाभाडे मराठ्यांचे सेनापती. ते गेले, आणि मग १७३१ साली डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव मारला गेला. समोरची फौज कुणा परक्याची नव्हती, बाजीराव पेशव्यांची होती. त्यानंतर दाभाड्यांच्या फौजेची धुरा या बाईंनी सांभाळली. आपण तळेगाव स्टेशनला रोज उतरतो, इंदुरीच्या गढीवरून गाडी नेतो, आणि हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून तो विषय.

उमाबाई झाली होती नववीतली एक मुलगी. आता जिवंत देखावा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, यात कलाकार स्वतः बोलत नाहीत. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, मुलं फक्त ओठ हलवतात आणि अभिनय करतात. एका संध्याकाळी पाच-सहा वेळा तोच शो करायचा, समोर रस्त्यावर गर्दी, वरून लोणावळ्याचा पाऊस. मुलांचा घसा बसेल, म्हणून रेकॉर्डिंग. आमचा ट्रॅक अठरा मिनिटांचा होता. मी तो एकतीस तुकड्यांत कापून प्लेबॅक सॉफ्टवेअरमध्ये ओळीने लावला होता. एकेका तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात.

चौथ्या दिवशीचा शेवटचा शो. साडेनऊ वाजून गेलेले. दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या रात्री ती नव्हती. म्हणजे काही चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला वेळ नाही.

चौदावा क्यू. डभोईहून जासूद येतो, त्र्यंबकराव पडल्याची बातमी देतो. दिवे मंद होतात. उमाबाई उभी राहते आणि तिचा सगळ्यात मोठा संवाद सुरू होतो. मी स्पेसबार दाबला.

काही नाही. परत दाबला. काही नाही. स्क्रीनवर त्या क्यूसमोर एक छोटी लाल फुली.

पत्र्यावर पडणारा पाऊस तेवढा ऐकू येत होता. समोर तीनेकशे माणसं. स्टेजवर एक पंधरा वर्षांची मुलगी, तोंड अर्धवट उघडलेलं, आणि तिचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये नाही.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ती फुली का आली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण गॅदरिंगला, हळदीला, एकांकिकेला हेच काम करता, आणि ती फुली तुमच्याही स्क्रीनवर येऊ शकते.

पूर्वी आवाज हातात असायचा

आमच्याकडे एक साउंडवाले काका आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी स्पूल टेपच्या काळापासून हे काम केलंय. स्पूलवर दोन आवाजांच्या मध्ये वेगळ्या रंगाची कोरी पट्टी जोडायचे, तिला लीडर म्हणतात. ती पट्टी हेडपाशी आली की थांबायचं, पुढचा आवाज तयार. मग कॅसेट आल्या. काका प्रत्येक महत्त्वाच्या एंट्रीची वेगळी कॅसेट ठेवायचे, वर पांढरं स्टिकर आणि नंबर. दोन डेक. एकावर चालू, दुसऱ्यावर पुढची भरलेली.

आपल्याकडे रेकॉर्डेड आवाजावर शो करणं काही नवीन नाही. बाबासाहेब पुरंदरेंचं ‘जाणता राजा’ १९८५ साली आलं. हत्ती, घोडे, शेकडो कलाकार, उघडं मैदान, आणि संवाद ध्वनिमुद्रित. एवढ्या मोठ्या मैदानात प्रत्येकाला माइक लावणं शक्यच नव्हतं. आपल्या गल्लीतले देखावे याच वाटेवरचे, फक्त हत्तीऐवजी थर्माकोल.

पण एक फरक बघा. टेपच्या काळात आवाज ही वस्तू होती. कॅसेट पिशवीत आहे म्हणजे आवाज आहे. पिशवीत नाही म्हणजे नाही. सॉफ्टवेअरमध्ये तसं नसतं, आणि आजच्या भागातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नीट ऐका.

यादी वेगळी, माणसं वेगळी

तुम्ही प्लेबॅक सॉफ्टवेअरमध्ये एखादी फाइल ओढून टाकता. नाव दिसतं, लांबी दिसते, प्ले केलं की वाजते. तुम्हाला वाटतं, फाइल आत गेली. बहुतेक वेळा ती आत गेलेली नसते. आत जातो फक्त तिचा पत्ता. अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, त्यातली ही फाइल. शो सेव्ह करता तेव्हा सेव्ह होते ती पत्त्यांची यादी, आणि सोबत आवाज किती, कुठून सुरू, कुठे संपवायचं वगैरे सूचना.

लग्नाच्या यादीसारखं आहे हे. यादीत नाव आहे, पण पंगतीत माणूस नाही.

मॅकवरचं क्यूलॅब घ्या, नाटकवाल्यांचं आवडतं. त्याची वर्कस्पेस फाइल हलकी असते, कारण आवाज आणि व्हिडिओ बाहेरच राहतात. ओबीएस घ्या, तुमच्यातले बरेच जण लाइव्हसाठी वापरता. तिथेही मीडिया सोर्समध्ये पत्ता असतो. व्हीएलसीची प्लेलिस्ट, तीही पत्त्यांची यादीच. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्या व्हिडिओ आत घेतात, पण ‘लिंक’ पर्याय निवडलात तर तिथेही पत्ताच.

मग असं का बनवतात? वेडेपणा नाही तो. अठरा मिनिटांचा स्टिरिओ वेव्ह आवाज म्हणजे जवळपास १९० एमबी, मिनिटाला साधारण १० एमबी. व्हिडिओ असेल तर कितीतरी जीबी. प्रत्येक वेळी सेव्ह करताना एवढा ऐवज पुन्हा लिहायचा म्हटलं तर सेव्ह व्हायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागेल. शिवाय तीच टाळ्यांची फाइल दहा ठिकाणी वापरली तरी डिस्कवर एकदाच राहते. म्हणून पत्ता. पद्धत बरोबर आहे, फक्त ती आपल्याला माहीत हवी.

पत्ते दोन प्रकारचे. एक पूर्ण पत्ता: सी ड्राइव्ह, त्यात युजर, त्यात डेस्कटॉप, असा मुळापासून. दुसरा सापेक्ष पत्ता: ‘मी जिथे आहे तिथून शेजारच्या फोल्डरमध्ये’. पूर्ण पत्ता दुसऱ्या लॅपटॉपवर चालत नाही, कारण तिथे युजरचं नाव वेगळं. आणि पेन ड्राइव्ह? विंडोजवर आज त्याला ‘ई’ अक्षर मिळतं, उद्या दुसरं काही लावलेलं असेल तर ‘एफ’. पेन ड्राइव्ह तोच, फाइल तीच, पत्ता खोटा.

माझं काय झालं होतं? उमाबाईंचा तो संवाद पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये घाईत झाला होता. तो परत रेकॉर्ड केला. शो सुरू व्हायच्या तासभर आधी पेन ड्राइव्हवर आला. मी पेन ड्राइव्ह लावला आणि तिथूनच ओढून चौदाव्या क्यूवर टाकला. वाजला. तीन दिवस वाजला, कारण पेन ड्राइव्ह तीन दिवस लॅपटॉपलाच होता. चौथ्या दिवशी शेवटच्या शोआधी कुणीतरी तो काढून नेला, दुसऱ्या स्पीकरवर आरत्या लावायला. त्याची काही चूक नाही. पेन ड्राइव्ह दिसला, नेला. त्या पेन ड्राइव्हवर शो उभा आहे हे त्याला कसं कळणार? ते मलाच माहीत नव्हतं.

शो संपल्यावर काका माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. म्हणाले, “बाळा, मी रोज शोआधी कॅसेट डोळ्यांनी मोजायचो. तू काय मोजलंस?”

मी यादी मोजली होती. एकतीसच्या एकतीस.

मग आता मी काय करतो

पहिलं. शोसाठी एकच फोल्डर. त्याच्या आत आवाज, व्हिडिओ, चित्रं असे पोटफोल्डर, आणि शोची फाइलही तिथेच. बाहेरून काहीही आलं, पेन ड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर, मेलवर, तर आधी या फोल्डरमध्ये कॉपी, मग तिथून सॉफ्टवेअरमध्ये. हा क्रम मोडायचा नाही. डाउनलोड्स फोल्डरमधून थेट ओढायचं नाही, कारण डाउनलोड्स आपण जागा कमी पडली की साफ करतोच.

दुसरं. गोळा करण्याची सोय असेल तर वापरा. क्यूलॅबमध्ये ‘बंडल वर्कस्पेस’ आहे. ते शोची फाइल आणि तिला लागणारं सगळं मीडिया एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करून देतं. ओबीएस गोळा करत नाही, पण २०२१ पासून एक चांगलं झालंय. सीन कलेक्शन उघडताना फाइल सापडली नाही तर ते यादी दाखवतं आणि नवा पत्ता विचारतं. ती खिडकी आली की घाईत बंद करू नका. ती तुमची मैत्रीण आहे.

तिसरं, नावं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘एकदम फायनल’, ‘सरांनी सांगितलेलं फायनल’. हसू नका, तुमच्याही फोनमध्ये आहे. मी आता आकडे देतो: ०१० निवेदन, ०२० तुतारी, ०३० जासूद. दहा-दहाच्या अंतराने, म्हणजे मध्ये काही घालायचं झालं तर ०१५ ला जागा असते. पुढे शून्य असल्यामुळे एकनंतर थेट दहा असा घोळही होत नाही. आणि फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवतो. मराठीचा अभिमान आहेच, पण काही जुनी सॉफ्टवेअर आणि झिप फाइली देवनागरी नावांचा खिमा करतात. क्यूचं नाव सॉफ्टवेअरच्या आत मराठीत लिहा की, तिथे काही अडत नाही.

इथे एक छुपा खड्डा आहे. नवीन रेकॉर्डिंग जुन्याच नावाने जुन्या जागी ठेवलं तर सॉफ्टवेअर ते निमूट वाजवतं, पण कुठे सुरू करायचं आणि कुठे संपवायचं या सूचना जुन्याच राहतात. नवीन संवाद तीन सेकंदांनी लांब असेल तर शेवटचे तीन सेकंद कापले जातात. म्हणून फाइल बदलली की तो क्यू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचाच.

चौथं, फॉरमॅट. आवाज शक्यतो वेव्हमध्ये. एमपीथ्रीच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा शिरते, त्यामुळे पावसाचा आवाज सलग फिरवत ठेवला की दर फेरीला एक बारीक खाच ऐकू येते. व्हिडिओ कधीही व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो दाबून लहान करतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो आणि जसाच्या तसा पोचतो. पेन ड्राइव्ह फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. एक्सफॅट करून घ्या, मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालतो. मात्र फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, हे लक्षात ठेवूनच.

पाचवं, आणि हे सगळ्यात मोठं. याला मी ‘उपाशी चाचणी’ म्हणतो. शोच्या आधी लॅपटॉपचं सगळं बाहेरचं काढून घ्यायचं. पेन ड्राइव्ह काढा. बाहेरची हार्ड डिस्क काढा. वायफाय बंद. हॉटस्पॉट बंद. लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग शो उघडा आणि प्रत्येक क्यू निदान दोन सेकंद वाजवून बघा.

वायफाय का बंद? कारण हल्ली डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स क्लाऊडला जोडलेले असतात. जागा वाचवायला फाइल वर ठेवतात आणि खाली फक्त तिचं चिन्ह दिसतं. उघडली की डाउनलोड होते. घरी कळतही नाही, झटकन होतं. पण पवन मावळात एखाद्या गावात शो असेल आणि रेंज झाडाखालच्या एका दगडावरच येत असेल तर? फाइल दिसते, पत्ता बरोबर, आणि आवाज मात्र कुठल्या तरी सर्व्हरवर. यादीत नाव आहे, माणूस परदेशात आहे.

सहावं, काकांची दुसरी पिशवी. काका कॅसेटचे दोन संच ठेवायचे. एक स्टेजजवळ, दुसरा स्कूटरच्या डिकीत. मी आता पूर्ण फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर कॉपी करतो आणि तिथेही उपाशी चाचणी घेतो. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण साइज ताडून बघतो. इंजिनियर मंडळी, तुम्ही हॅश काढा, विंडोजवर सर्टयुटिल आयतंच असतं. आणि शोच्या दिवशी दुपारनंतर कुणी कितीही प्रेमाने नवीन फाइल आणून दिली तरी हात जोडायचे. उद्या लावू म्हणायचं.

फोनवरून शो करणाऱ्यांसाठी

तुमच्यातले अर्धे लॅपटॉप वापरतच नाहीत, माहितेय मला. फोन, ऑक्स वायर, झालं. चालतं की. फक्त चार गोष्टी. गाणं ॲपवरून स्ट्रीम करू नका, फाइल फोनमध्ये उतरवून घ्या, नाहीतर आरतीच्या मध्ये जाहिरात लागेल. फ्लाइट मोड लावा, नाहीतर अफजलखान वधाच्या ऐन वेळी आईचा फोन येईल, आणि तो पूर्ण गावाला ऐकू जाईल. फ्लाइट मोडमध्येही अलार्म वाजतो, तोही बंद करा. आणि ओठ हलवण्याचा शो असेल तर ब्लूटूथ नको, आवाज किंचित उशिरा येतो. वायरच लावा.

आता त्या मुलीचं

तर, लाल फुली. मी वेड्यासारखा ‘ब्राउझ’ दाबून फाइल शोधत होतो, जी लॅपटॉपवर नव्हतीच. किती सेकंद गेले माहीत नाही. मागे काढलेल्या मोबाइल शूटिंगमध्ये नंतर मोजले, चाळीस.

चाळीस सेकंद ती हलली नाही. मग तिने तोंड मिटलं, एकदा विंगेत माझ्याकडे बघितलं, परत समोर वळली, आणि बोलायला लागली. स्वतःच्या आवाजात. माइक नाही. रेकॉर्डिंगमधला आवाज होता भारदस्त, मोठ्या बाईचा. हिचा बारीक, पावसात विरघळणारा. पहिल्या चार ओळींतल्या लोकांनाच ऐकू गेलं असेल. पण मागची माणसं गप्प झाली. पुढे सरकली. एका बाईंनी लेकराच्या हातातली पिपाणी काढून घेतली, ते मला अजून आठवतं.

तिला पूर्ण संवाद पाठ होता. एकतीस क्यूंपैकी एकही लॅपटॉपविना वाजला नसता, पण तिला सगळं पाठ होतं. पंधराव्या क्यूवर मी पुन्हा पकड घेतली. दहाला पाच मिनिटं कमी असताना शो संपला.

मी तिला सॉरी म्हणायला गेलो. ती मुकुट काढत होती. म्हणाली, “दादा, उद्यापण तो आवाज बंद ठेवाल का?”

आम्ही मीटिंग घेतली. अध्यक्षांना पटेना, रेकॉर्डिंगला पैसे घातले होते. काका म्हणाले, एक माइक मी माझा देतो. मग उरलेले दिवस चौदावा क्यू मी मुद्दाम रिकामा ठेवला आणि तो एक संवाद ती स्वतः बोलली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे चूक झाली ते बरंच झालं. नाही. असं मला कुणी म्हटलं की राग येतो. तिच्याऐवजी तिथे दुसरीतला पोरगा असता तर तो रडत आत पळाला असता, आणि पुन्हा कधी स्टेजवर आला नसता. ती सावरली हे तिचं कर्तृत्व. फुली आली हा माझा आळस. दोन्हीची बेरीज करून मी सुटत नाही.

स्टेजवरच्या माणसाला आपली स्क्रीन दिसत नसते. तो फक्त विश्वास ठेवून उभा असतो की आवाज येईल. म्हणून हे फोल्डर, नावं, कॉपी, सगळं कंटाळवाणं काम. उपाशी चाचणीला आमच्या शोला अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. अकरा मिनिटं द्या.

तुमच्या शोमध्ये कधी असं काही झालंय का? व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. आणि हो, त्या व्हॉइस नोट आल्या की आधी माझ्या फोल्डरमध्ये कॉपी करणार आहे, मगच एडिटिंगला घेणार.

चला, भेटू. काळजी घ्या, आणि पेन ड्राइव्ह काढून बघा!